वालूरची ओली पेटी

परभणीकडे जायला निघाले तेव्हा आमच्या पेठेतल्या बायकांनी विचारलं, "निजामाच्या राज्यात एकटीच? आणि ते कशाला, तर रेडिओची पेटी पुसायला?" मी हो म्हटलं. पुण्यात आमचं रेडिओचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं यजमानांकडे आणि संच उघडणं माझ्याकडे, ही वाटणी फार वर्षांपूर्वीच होऊन गेली. त्यांना उघडलेला संच बघवत नाही आणि मला गोड बोलवत नाही.

माझी धाकटी बहीण मनू सेलू तालुक्यातल्या वालूरला दिली आहे. गाव मोठं, शेती काळी, पीक कापसाचं. तिचे यजमान भाऊराव यांनी तालुक्याला खेटे घालून गावासाठी सरकारी रेडिओ मिळवला. संध्याकाळी औरंगाबादेहून मराठीत कार्यक्रम लागतो आणि त्यात कापसाचा भाव सांगतात. गेल्या हंगामात वालूरच्या गाड्या सेलूच्या बाजारात गेल्या त्या भाव कानात घेऊनच, आणि अडत्यांना तोंडाला येईल तो आकडा सांगता आला नाही. पण यंदा पावसाळा लागला तसा रेडिओ आधी घोगरा झाला, मग मुका. शेजारच्या बोरी गावच्या लोकांनी लगेच अर्ज केला की वालूरला रेडिओ सांभाळत नाही, तो आम्हाला द्या. तालुक्याचे नायब साहेब सोमवारी संध्याकाळी येऊन ऐकणार होते. बोलला तर राहील, नाही तर त्याच संध्याकाळी बोरीला जाईल. कापूस महिन्याभरावर आलेला. लढाईमुळे नवे सुटे भाग मिळत नव्हते, तेव्हा आतलं काही जळलं तर विषयच संपला.

म्हणून मी निघाले.

हद्दीवरचं नाकं

मनमाडला गाडी बदलली की सगळंच बदलतं. रूळ अरुंद होतात, डबे लहान होतात आणि फलाटावरची पाटी उर्दूत येते. निजामाची हद्द लागली त्या स्टेशनवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, कारकून डब्यात चढला. माझ्या ट्रंकेत हत्यारं, तार, रबराच्या पट्ट्या आणि लाखेने तोंड बंद केलेली एक बरणी होती. बरणीत पांढरे खडे होते. रसायनांच्या दुकानात कॅल्शियमचं मीठ म्हणून मिळतं. खायचं नव्हे, हवेतला ओलावा ओढून घ्यायचं.

"ये क्या है, बाईसाब?"

"मीठ."

"नमक? हमारे यहां नमक नहीं मिलता क्या?"

"हे खायचं नाही. बरणी उघडू नका, हवा लागली की खराब होतं."

उघडू नका म्हटल्यावर कोणता जकात कारकून थांबेल? त्याने चाकूने लाख फोडली, बूच अर्धं तोडून काढलं आणि एक खडा तळहातावर घेऊन जिभेला लावला. चेहरा कारलं खाल्ल्यासारखा झाला. तो खडा हातातच ठेवून तो शेजारच्या प्रवाशाची गाठोडी तपासायला लागला. थोड्या वेळाने बघतो तर तळहात ओला, खडा अर्धा विरघळलेला.

"अरे, ये तो रोने लगा!"

"तुम्ही उघडलंत म्हणून," मी म्हटलं.

डब्यातले लोक हसले. तोही हसला, आणि हात पुसून पावती न करता उतरला. पण बूच पुन्हा नीट बसलं नाही. मी रुमाल गुंडाळून तोंड बांधलं, तरी सेलूला उतरले तेव्हा बरणीत काकवीसारखं पाणी डुचमळत होतं. मी फेकलं नाही. पाणी शोषून घेतलेली वस्तू तापवली की पाणी सोडते, एवढं मला ठाऊक होतं.

सेलू ते वालूर

सेलूला भाऊराव गाडी घेऊन आले होते. भाऊराव उंच, सावळे आणि काळजीत असले की जास्त बोलणारे. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात त्यांनी चहा पाजला. पुण्यात चहात दूध घालतात; इथे दुधात चहा घालतात आणि मग साखर घालताना हात आवरत नाहीत. मला आवडला. मी दुसरा मागितला, तेव्हा भाऊरावांचा जीव जरा भांड्यात पडला. पुण्याची पाहुणी नाकं मुरडते अशी त्यांची धास्ती असावी.

"आक्का, खरं सांगा. व्हईल का हे? गावात लोक तोंडावर बोलायलेत. म्हणतात, भाऊरावानं मुकं लेकरू आणलं."

"पेटी बघितल्याशिवाय मी काही सांगत नाही. बंद कोणी केली?"

"धोंडिबानं. त्याच्या हातचं बंद केलेलं कंदी बिघडत न्हाई."

आश्विनातली परतीची सर येऊन गेली होती. ज्यांनी काळ्या रानातून बैलगाडीने प्रवास केला नाही त्यांना सांगते, तो चिखल नव्हे, खळ आहे. चाकाला लागला की चाक जात्यासारखं जाड होत जातं. एका ओढ्याच्या चढावर गाडी रुतली. भाऊराव चाकाला, मी जोखडाला. चपला हातात घेतल्या तेव्हा पायांना त्याच चिखलाचे बूट झाले होते. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याच्या वर आलेली, मधूनमधून एखादं बोंड उकललेलं. त्याच्या पलीकडे ज्वारीच्या पेरणीसाठी मोकळी ठेवलेली रानं, इतकी सपाट की क्षितिजावरचा माणूस कोणत्या बाजूला चालला आहे तेसुद्धा कळू नये.

घरी पोचले तर मनूने दारातच पायांवर पाणी घातलं. "आक्का, तू चिखलातून आली का चिखल तुझ्यातून आला?" वीस वर्षांत तिची बोली पुरती इकडची झाली आहे. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी आणि शेंगदाण्याची चटणी. अंबाडी आंबट असते. तिच्यावर कच्चं तेल ओतून घ्यायचं. पुण्यात पाहुणीच्या पानात तेल ओतलं तर घरभर चर्चा होईल. इथे न ओतलं तर होते.

चावडीपुढे

पेटी उघड्यावर का, हे मी आधी विचारलं. चावडीत ठेवली असती तर पावसाचा प्रश्नच नव्हता. भाऊराव म्हणाले, "आत ठेवली तर आत कोन बसंल अन् भाईर कोन ऱ्हाईल, ह्याच्यावर रोज भांडन. उघड्यावर सगळ्यांलाच ऐकू येतं." कारण चोख होतं. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

चौथऱ्यावर लाकडी खांब, खांबावर जाड पत्र्याची पेटी, पेटीत संच. भोंगा वर कडुनिंबाला. पेटीच्या माथ्यातून तारा बाहेर आलेल्या. आणि ती पेटी चारी बाजूंनी शेणमातीने लिंपलेली. दाराच्या फटी, बिजागऱ्या, तारांची भोकं, सगळं गुळगुळीत. लिंपणारे हात कसबी होते यात शंका नाही.

धोंडिबा शेजारीच उभे होते. वय साठीच्या पुढे, मुंडासं, वागणं सावकाश. वालूरची ज्वारी जमिनीतल्या पेवांत भरतात. माणूस उभा मावेल अशा खोल खड्ड्याला आतून कडबा लावून, धान्य भरून, तोंडावर माती लिंपून टाकायची. दोन-दोन वर्षं दाणा हलत नाही. पेव बंद करावं ते धोंडिबांनीच, असा गावाचा रिवाज. रेडिओ आल्यावर तो बंद करायचं कामही आपसूक त्यांच्याकडे गेलं, आणि त्यांनी पेटीचं पेव केलं.

मी लिंपण फोडून दार उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब लोंबत होते. तारांना हिरवा गंज, पुठ्ठ्याला बुरशी, आणि वास कोंदट, ओल्या गोणपाटासारखा.

"पानी शिरलं कुटून?" धोंडिबा पेटीभोवती फिरून बोटाने फटी चाचपू लागले. "बाई, मुंगी जायला जागा ठेवली न्हाई म्या."

"तुम्ही आतच कोंडलंत. ओली माती लावली, तिचा ओलावा आत. पावसाळी हवेत दार लावलं, ती हवा आत. रात्री पत्रा गार झाला की त्याच हवेचं पाणी होऊन छताला लागतं. दुसऱ्या दिवशी त्याची वाफ, रात्री पुन्हा पाणी. बाहेर जायला वाटच नाही."

"मग पेवात काऊन होत न्हाई?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "पेव जमिनीत आहे. त्याला दिवस काय, रात्र काय, सारखीच. ही पेटी उन्हात उभी असते. दुपारी तापते, रात्री निवते. हिला खालून एक भोक पाहिजे."

धोंडिबांनी मान डोलावली. ती मान "ऐकलं" म्हणणारी होती, "पटलं" म्हणणारी नव्हती. मला तेव्हा तेवढं बघायला वेळ नव्हता.

मनूची चूल

संच मनूच्या स्वयंपाकघरात आणला. चुलीच्या वैलाशेजारी, थेट जाळ लागत नाही तिथे, पाटावर ठेवला, म्हणजे हाताला सोसेल एवढीच ऊब लागेल. आत मेणात बुडवलेली तारेची वेटोळी असतात, जास्त तापली तर मेण वितळतं. गंज खरवडला, दोन जोड नव्याने डाखले. दरम्यान बरणीतला पाक मी लोखंडी कढईत ओतला आणि चुलीवर चढवला. उकळला, घट्ट झाला, फुटाण्यासारखा तडतडला आणि शेवटी खरवडून काढावा लागेल असा पांढरा थर उरला. मनू दारात उभी राहून बघत होती.

"आक्का, माझी कढई खाल्ली त्यानं. बघ, काळी होती, लाल झाली."

"घासून दे, येईल जाग्यावर."

"अन् आता ती फुंकणी कशाला उचलायली?"

चूल फुंकायची पितळी नळी मला पेटीच्या भोकाला अगदी मापात वाटली. लोहाराकडून पेटीच्या तळाला भोक पाडून घेतलं, फुंकणी खालून बसवली. तिच्यात एका टोकाला सरकीविरहित कापसाचा बोळा, मध्ये गरमागरम मिठाचे खडे, दुसऱ्या टोकाला पुन्हा सैल बोळा. पेटीने बाहेरची हवा ओढली तर ती खड्यांवरून कोरडी होऊन यायची. तोंड खाली असल्याने पावसाचं पाणी शिरायचं नाही. उरलेले खडे बशीत घालून पेटीत ठेवले. भर दुपारी, पत्रा चटका देत असताना दार लावलं, फटीला रबराची पट्टी. ओली माती कुठेही नाही.

त्या संध्याकाळी रेडिओ बोलला. दुसऱ्या संध्याकाळीही. चौथऱ्याभोवती माणसं जमली, भाऊराव उगाचच दोनदा माझ्यासमोरून हसत गेले, आणि मनूने धपाटे केले. धपाट्यांबरोबर दही देतात, साईसकट. मी मोजले नाहीत.

सोमवार

रविवारी संध्याकाळी मुसळधार पाऊस झाला. सोमवारी सकाळी मी चौथऱ्यावर गेले तर फुंकणी पेटीच्या माथ्यावर ठेवलेली, आणि तळाचं भोक शेणमातीने बुजवलेलं. हात फिरवून सारखं केलेलं. दाराच्या फटीही पुन्हा लिंपलेल्या.

मी दार उघडलं. तारा शिरतात त्या भोकातून पाणी ओघळून संचाच्या पाठीवर आलं होतं. झाकणाला पुन्हा थेंब.

धोंडिबा लगबगीने आले. "आभाळ लय भरून आलं, बाई. अन् भोक तसंच उघडं? मव्हं मनच न्हाई झालं. म्हनलं बुजवून टाकू, सकाळी काढू."

भाऊरावांचा आवाज चढला. "धोंडिबा, साहेब आज येनार! तुला आक्कांनी सांगितलं व्हतं का न्हाई?"

"सांगितलं व्हतं, मालक. पर उघडं ठेवून काय टिकतं, तुमीच सांगा. सारा जलम बंद करन्यात गेला माजा."

ते खरंच होतं. मी भाऊरावांना गप्प केलं. ओरडून पेटी वाळत नाही आणि धोंडिबांना पटलं नाही तर मी पुण्याला गेल्यावर पहिल्याच सरीला भोक पुन्हा बुजणार. दोन्ही कामं त्याच दिवशी करायची होती.

भाऊराव घरातून पेटता कंदील घेऊन आले, पेटीत ठेवून वाळवू म्हणून. मी तो बाहेर काढला. "कंदील लावल्या लावल्या काचेवर क्षणभर वाफ धरते ना? ते पाणीच असतं. ज्योत पाणी करते. मला कोरडी उष्णता पाहिजे." मग मनूच्या चुलीत विटा तापत घातल्या. संच परत पाटावर. खडे परत कढईत, आणि मनू परत दारात. पण या वेळी ती कढईबद्दल बोलली नाही. तिने स्वतःच झारा हातात घेतला. "तू पुढचं बघ, आक्का. हे मला येतं आता."

विटा तापेपर्यंत मी धोंडिबांना चुलीपाशी समोर बसवलं. परातीत पाणी घातलं. तांब्या चुलीवर कोरडाच तापवला, फडक्याने धरून उलटा केला आणि त्याचं तोंड पाण्यात टेकवलं.

"बघत राहा."

तांब्या निवत गेला. पाणी गुडगुडलं, आणि परातीतलं पाणी हळूहळू कमी व्हायला लागलं.

"आँ?" धोंडिबा पुढे वाकले. "पानी वर चढायलंय!"

"तांब्यातली हवा तापून बाहेर गेली होती. निवला तसा तो आत ओढायला लागला. हवा मिळेना, म्हणून पाणी ओढलं."

त्यांनी तांब्या उचलला, आत बघितलं, पुन्हा तापवायला लावला, पुन्हा स्वतःच्या हाताने टेकवला. पाणी पुन्हा चढलं.

"म्हंजे काल," ते शेवटी म्हणाले, "दिवसभर तापलेली पेटी म्या खालून बुजवली, वरून पाऊस पडून ती गार झाली..."

"आणि तारांच्या वाटेने पाणी ओढलं."

"म्याच पाजलं की तिला."

"हो."

ते उठले. खुरपं घेऊन पेटीचं सगळं लिंपण त्यांनी स्वतः खरवडून काढलं, आणि मी विटा ठेवायला गेले तेव्हा त्या किती तापल्यात ते पाण्याचा थेंब टाकून बघितल्याशिवाय आत ठेवू दिल्या नाहीत. पेव भरायच्या आधी आत जाळ करून ते वाळवतात. वाळलं की नाही ते वासावरून सांगणं त्यांच्या अंगात होतं. दुपारी त्यांनी पेटीत तोंड घालून हुंगलं. "आता कोरडी हाय." मग संच आत गेला, ऊन असतानाच. तारांना मी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी भोकाकडे न जाता झोळावरून गळून पडेल. भोकं मेणाने भरली. फुंकणी धोंडिबांनी बसवली.

नायब साहेब ठरल्याप्रमाणे दिवस कलताना आले. शेरवानी, मऊ बोलणं, पायांना वालूरचा चिखल. बोरीचे दोन गृहस्थही मोकळी गाडी घेऊन आले होते, गाडीत गवताचा बिछाना आधीच घातलेला. सारं गाव चौथऱ्याभोवती. मी भाऊरावांना खूण केली आणि कळ फिरवली.

आधी नुसती घरघर. मी कान देऊन ऐकत होते, ती ओली घरघर नव्हती, संच तापत होता. बोरीच्या एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. मग एकदम माणसाचा आवाज आला, स्वच्छ, कडुनिंबावरून. बातम्या झाल्या, भजन झालं, आणि कापसाचा भाव आला. मागून कोणीतरी अडत्याच्या आईचा उद्धार केला. बायकांनी पदर तोंडाला लावले.

साहेबांनी समाधानाने मान हलवली. मग पेटीभोवती फिरताना ते वाकले. "ये सुराख कैसा? सरकारी हुकूम है, पेटी बंद होना. इसको मुहरबंद कराओ." त्यांच्या शिपायाने लाख आणि मेणबत्ती काढलीसुद्धा.

भाऊराव माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार तोच धोंडिबा पेटी आणि शिपाई यांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"न्हाई, साहेब. बुजवायचं न्हाई. म्या बुजवून बघितलं. काल म्याच बुजवलं, अन् पेटी पानी प्याली."

"तुम कौन?"

"मी पेव बंद करतो. ह्या गावात बंद करायचं काम माजं हाय. अन् मीच सांगायलोय, हे उघडं ऱ्हाऊ द्या. ही मुकी झाली तर पुढं माह्या हातानं एक पेव भरू देऊ नका."

कडेला बसलेले म्हातारेसुद्धा उठून उभे राहिले. धोंडिबांनी गावातला आपला मानच पणाला लावला होता, हे तिथे सगळ्यांना माझ्या आधी कळलं. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सबूत?"

मी संच बंद करायला लावला आणि पेटी निवू दिली. तेवढ्यात चहा झाला. मग पुन्हा कळ फिरवली. धोंडिबांनी कापसाचा एकच तंतू चिमटीत धरून फुंकणीच्या तोंडाखाली नेला. थोडा वेळ तंतू सरळ लोंबत राहिला. मग आतला संच तापायला लागला, आणि वारा नसताना तंतू हलकेच फुंकणीच्या तोंडापासून दूर झुकला.

नायब साहेब शेरवानी सावरून चक्क उकिडवे बसले. "अरे वा! ये तो दम ले रही." त्यांनी शिपायाला लाख आत ठेवायची खूण केली आणि बोरीकरांना म्हणाले, "आप लोगां जाव. ये यहीं रहेगी." मग राहवेना म्हणून त्यांनी स्वतःचा तळहात फुंकणीच्या तोंडावर धरला, आणि डोळे मिटून ते तो श्वास लागतो का बघू लागले.

धोंडिबांनी त्यांना तसं थोडा वेळ बसू दिलं. मग अदबीने साहेबांचं मनगट धरून हात बाजूला केला.

"बास झालं, साहेब. तुमच्या हाताला घाम हाय."